मानेतली शेगडी

सगळीच चरबी काही व्हिलन नसते. एक चरबी अशीही आहे, जी कॅलरीज साठवत नाही, जाळते. तीही जिम न लावता. ऐकायला एकदम सही वाटतं ना? म्हणूनच जरा खोदून पाहिलं.

ऑफिसमधलं सगळ्यात मोठं युद्ध कशावरून होतं? अप्रेझलवरून? पार्किंगवरून? छे हो! एसीच्या रिमोटवरून. प्रत्येक फ्लोअरवर दोन पार्ट्या असतात. एक शाल पार्टी, जिच्या खुर्चीच्या पाठीवर भर मे महिन्यातही स्वेटर लटकलेला असतो. आणि दुसरी अठरा पार्टी, जिला रिमोटवर १८ च्या वरचा आकडा दिसला की गुदमरायला होतं. वर्षानुवर्षं हे अक्षरशः शीतयुद्ध चालू आहे.

आता अठरा पार्टीच्या हाती एक नवं शस्त्र लागलंय. 'अगं, थंडीत ब्राऊन फॅट ॲक्टिव्ह होतं. बसल्या जागी कॅलरीज बर्न!' गेल्या दोन महिन्यांत हा डायलॉग मी तीन जणांकडून ऐकला. एक माझी रूममेट. हिंजवडीत नोकरी करते आणि रात्री एसी १८ वर ठेवून जाड रजईत गुरफटून झोपते. दुसरा घराजवळच्या जिममधला ट्रेनर, ज्यांच्याकडे सध्या बर्फाच्या टबात बसायचं पॅकेज जोरात आहे. तिसरा माझा मावसभाऊ. तीन सोर्सेसनी एकच गोष्ट सांगितली की बातमी पक्की, असं आम्हाला मास कॉमला शिकवलं होतं. पण हे तिघेही एकाच रीलवरून बोलत असावेत असा मला दाट संशय होता. म्हणून मग वाचायला बसले, आणि प्रकरण रीलपेक्षा बरंच इंटरेस्टिंग निघालं.

ना धड चरबी, ना धड मांस

गोष्ट जुनी आहे. १५५१ साली कॉनराड गेसनर नावाच्या स्विस निसर्ग अभ्यासकाने प्राण्यांवरच्या त्याच्या जाडजूड ग्रंथात मार्मोटबद्दल लिहिलं. मार्मोट म्हणजे आल्प्सच्या डोंगरात राहणारी, मांजराएवढी गुबगुबीत खार म्हणा ना. सगळा हिवाळा ती बिळात झोपून काढते. तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये गेसनरला एक विचित्र मऊ गोळा दिसला. ना धड चरबी, ना धड मांस, काहीतरी मधलंच. हा गोळा तिथे करतो काय, याचा पत्ता लागायला पुढची चारशे वर्षं गेली. कुणी म्हणे ही ग्रंथी आहे, कुणी म्हणे हिवाळी झोपेचाच अवयव आहे. १९६० च्या दशकात खरं कळलं. हा गोळा म्हणजे शेगडी होती. थंडगार पडलेल्या प्राण्याला झोपेतून जागं व्हायचं असतं, तेव्हा ही शेगडी पेटते आणि अंग गरम करते.

आणि ही शेगडी माणसाच्या बाळाकडेही असते. विचार करा, नऊ महिने ३७ अंशांच्या स्विमिंग पूलमध्ये राहिलेलं ते इवलंसं बाळ अचानक ओलंचिंब बाहेर येतं, तेही लेबर रूमच्या एसीत. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. मोठी माणसं अशा वेळी कुडकुडतात. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी थरथरून उष्णता तयार करणं. पण नवजात बाळाला ते नीट जमतच नाही. त्याऐवजी त्याच्या मानेभोवती, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये आणि किडनीच्या आसपास ब्राऊन फॅटचे साठे असतात. ते न थरथरता ऊब देतात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाकडे हा साठा पुरेसा नसतो. म्हणून तर त्याला इन्क्युबेटर लागतो, किंवा मग आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायची ती कांगारू पद्धत, जी १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही वापरतात. आपल्या आज्या बाळंतिणीच्या खोलीत टोपरं, दुपटं आणि शेगडी घेऊन जो बंदोबस्त करायच्या, त्यातल्या धुराचं सोडून देऊ, पण उबेचं गणित त्यांना बरोबर कळलं होतं.

जाता जाता एक भन्नाट माहिती. डुकरांकडे ही सोय नाही. त्यांच्या पूर्वजांमध्ये यासाठी लागणारा जीन लाखो वर्षांपूर्वीच बिघडला. त्यामुळे डुकराची पिल्लं जन्मली की थरथरत एकमेकांना चिकटून पडतात, आणि फार्मवर त्यांच्यासाठी दिवे लावावे लागतात.

क्लच दाबा, ॲक्सिलरेटर पिळा

आता थोडं सायन्स. घाबरू नका, दहावीच्या पुढे जाणार नाही.

आपली नेहमीची पांढरी चरबी म्हणजे स्टोअररूम. तिच्या प्रत्येक पेशीत तेलाचा एक मोठ्ठा थेंब असतो आणि बाकी सगळं कोपऱ्यात ढकललेलं असतं. तपकिरी चरबीच्या पेशीत असे अनेक छोटे छोटे थेंब असतात, आणि त्यांच्यामध्ये खच्चून भरलेले मायटोकॉन्ड्रिया. पेशीतलं पॉवरहाऊस वगैरे आपण पाठ केलं होतं ना, तेच. या मायटोकॉन्ड्रियात लोह असतं, शिवाय या चरबीला रक्तपुरवठाही भरपूर. म्हणून तिचा रंग तपकिरी.

एरवी मायटोकॉन्ड्रिया काय करतात? साखर आणि चरबी जाळतात आणि त्या ऊर्जेतून एटीपी नावाचं चलन छापतात. पेशी सगळे व्यवहार याच चलनात करते. ब्राऊन फॅटमध्ये मात्र यूसीपी वन नावाचं एक प्रोटीन असतं, आणि ते मधल्या मध्ये ही साखळीच सोडवतं. जळण जळतं, पण चलन छापलं जात नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हात्रे पुलाच्या सिग्नलला उभं राहून क्लच पूर्ण दाबा आणि ॲक्सिलरेटर पिळा. पेट्रोल जळतंय, इंजिन तापतंय, गाडी जागची हलत नाही. ब्राऊन फॅटचं काम डिट्टो हेच. बाईकवर हा मूर्खपणा असतो, पण थंडीत कुडकुडणाऱ्या जिवासाठी तेच तापलेलं इंजिन लाखमोलाचं.

शेगडी पेटवायचा हुकूम येतो मेंदूतून. त्वचेला गारवा जाणवला की निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे जातो, तिथून नसांमार्फत ब्राऊन फॅटपर्यंत, आणि नसांच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिन सुटतं. हे नाव लक्षात ठेवा. भीती वाटली, राग आला, बॉसचा 'कॉल मी' असा मेसेज आला की अंगात जी यंत्रणा खडबडून जागी होते, तीच ही. म्हणजे थंडी वाजल्यावर एकटं ब्राऊन फॅट जागं होत नाही. हृदयाचे ठोके, ब्लड प्रेशर, रक्तवाहिन्या, सगळ्यांनाच वर्दी जाते. पुढे हे महत्त्वाचं ठरणार आहे.

कॅन्सरच्या स्कॅनमध्ये दिसलेला उजेड

बरीच वर्षं डॉक्टर मंडळी असं मानत होती की माणूस मोठा झाला की ही चरबी संपून जाते. अगदीच पुरावा नव्हता असं नाही. १९८१ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत पाहिलं होतं, की थंडीत उघड्यावर काम करणाऱ्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांभोवती ब्राऊन फॅट टिकून असतं. पण ते एक्सेप्शन समजलं गेलं.

मग आला पेट स्कॅन. कॅन्सरची गाठ साखर जास्त खाते. म्हणून पेशंटला किंचित किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि शरीरात कुठे कुठे उजेड पडतो ते बघतात. या स्कॅनमध्ये काही पेशंट्सच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत, दोन्ही बाजूंना सारखाच, एक गूढ उजेड दिसायचा. कॅन्सर तर असा सिमेट्रिकल नसतो. पेशंट टेन्शनमध्ये असेल, मानेचे स्नायू ताठले असतील, असं समजून तो सोडून दिला जायचा. पुढे पेटच्या जोडीला सीटी स्कॅन आला आणि त्यात स्पष्ट दिसलं की उजेड स्नायूत नाहीच, चरबीत आहे. २००३ च्या सुमारास याची नोंद झाली. स्कॅन करणाऱ्यांसाठी ती नसती कटकट होती. उपाय एकदम घरगुती निघाला. पेशंटला उबदार खोलीत बसवा, ब्लँकेट द्या. उजेड गायब!

स्टॉकहोमच्या काही शरीरशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये ही सगळी रिपोर्ट्स एकत्र वाचली आणि सांगितलं, अहो, तुम्ही ज्याला कटकट म्हणताय ते मोठ्या माणसांतलं जिवंत ब्राऊन फॅट आहे. आणि मग एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात तीन शोधनिबंध छापून आले. बॉस्टनच्या टीमने १९७२ पेशंट्सचे जुने स्कॅन तपासले. ७.५ टक्के बायकांमध्ये आणि ३.१ टक्के पुरुषांमध्ये ते दिसलं, तेही मुद्दाम थंडी न देता. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या टीमने २४ तरुणांना १६ अंशांत बसवलं, तर २४ पैकी २३ जणांमध्ये उजेड पडला. जाड मुलांमध्ये कमी, सडपातळ मुलांमध्ये जास्त. आणि फिनलंडच्या टुर्कूमध्ये तर मोजक्या पाच जणांचे स्कॅन करून, तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली शहानिशा केली. म्हणजे तुमच्या-माझ्या मानेतही शेगडी आहे. बहुतेक वेळा विझलेली, इतकंच.

मग वजन कमी होतं की नाही?

आता मुद्द्याचं. जाड लोकांत कमी आणि बारीक लोकांत जास्त म्हटल्यावर सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर एकच स्वप्न तरळलं. आधीही तरळलं होतं म्हणा. १९७९ साली लंडनमधल्या दोन संशोधकांनी उंदरांना अक्षरशः कँटीनचं चटकमटक खायला घातलं, तर उंदीर खाल्लं त्या मानाने फुगलेच नाहीत. त्यांचं ब्राऊन फॅट जास्तीच्या कॅलरीज जाळत होतं. त्यांचा नंतरचा हिशेब असा, की ५० ग्रॅम ब्राऊन फॅट पूर्ण क्षमतेने चाललं तर माणसाच्या रोजच्या खर्चातला २० टक्के वाटा ते उचलू शकेल. हाच आकडा आजही रील्समध्ये फिरतोय. यातला 'पूर्ण क्षमतेने चाललं तर' हा तुकडा तेवढा कॅप्शनमधून गळतो.

प्रत्यक्ष माणसांच्या ब्राऊन फॅटने किती ऑक्सिजन वापरला ते मोजून अमेरिकेतल्या एका गटाने २०१३ साली हिशेब मांडला. उत्तर आलं, दिवसाला १५ ते २५ कॅलरी. म्हणजे एक ग्लुकोज बिस्किट! वडापाव एक धरला तर तीनशेच्या आसपास कॅलरीज. तो फेडायला मानेतल्या शेगडीला दोन आठवडे राबावं लागेल.

मग उंदरात एवढा फरक का पडतो? कारण उंदीर चिमुकला. नवजात बाळासारखीच त्याचीही उष्णता भराभर निघून जाते. आपल्याला प्रसन्न वाटणारं २२ अंशांचं लॅबमधलं तापमान त्याच्यासाठी चक्क हिवाळा असतो. त्याला तीसच्या आसपास आरामात वाटतं. त्यामुळे लॅबमधला उंदीर रात्रंदिवस शेगडी पेटवूनच जगत असतो. आपण सत्तर किलोचे, वर जीन्स, जॅकेट आणि कॉफी. आपल्याला शेगडीची गरजच पडत नाही.

कॉफीवरून आठवलं. एका कॉफीने ब्राऊन फॅट जागं होतं, अशी बातमी २०१९ मध्ये खूप गाजली होती. नॉटिंगहॅमचा तो प्रयोग फक्त नऊ जणांवर होता आणि त्यात गळ्याजवळच्या त्वचेचं तापमान वाढलेलं दिसलं. कॉफी प्या, मस्त असते. वजनाचं कारण नको.

रूममेटची रजई

पण थांबा. वजनाचा काटा हलत नाही म्हणजे ब्राऊन फॅट बिनकामाचं, असं नाही. मला वाटतं, खरी स्टोरी इथेच आहे आणि रील्स नेमकी तीच सोडून देतात. ब्राऊन फॅट पेटतं तेव्हा जळण म्हणून रक्तातली साखर आणि चरबी ओढून घेतं. म्हणजे विषय वजनापेक्षा शुगरचा आहे.

न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या ५२ हजारांहून जास्त पेशंट्सच्या स्कॅन्सचा अभ्यास २०२१ मध्ये आला. साधारण दहातल्या एकात ब्राऊन फॅट दिसलं. त्या गटात टाइप टू डायबेटिसचं प्रमाण ४.६ टक्के होतं, बाकीच्यांत ९.५ टक्के. निम्म्याहून कमी! आता यावरून ब्राऊन फॅटमुळेच डायबेटिस टळला असं सिद्ध होत नाही. कदाचित ज्यांची तब्येत मुळात चांगली, त्यांचीच शेगडी टिकत असेल. पण दुर्लक्ष करावं असाही हा आकडा नाही.

थंडीने शेगडी पुन्हा पेटवता येते का? येते. जपानमध्ये काही तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांत बसवलं. त्यांचं ब्राऊन फॅट जास्त काम करायला लागलं आणि अंगातली चरबी थोडीशी उतरली. अमेरिकेत तर पाच जणांना चार महिने फक्त झोपायला एका खास खोलीत ठेवलं. दिवसा आपापली कामं, रात्री ठरलेल्या तापमानात झोप. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, मग परत २४, आणि शेवटचा २७. निकाल २०१४ मध्ये छापून आला. १९ अंशांच्या महिन्यात ब्राऊन फॅट ४२ टक्क्यांनी वाढलं, इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. २७ अंशांच्या महिन्यात कमावलेलं सगळं परत गेलं. वजन? जैसे थे.

हे मी रूममेटला वाचून दाखवलं तेव्हा ती एकदम विजयी मुद्रेने एसीकडे बघायला लागली. मग मी पुढची ओळ वाचली. त्या पाच जणांना अंगावर हॉस्पिटलचे पातळ कपडे आणि फक्त एक चादर दिली होती. रजई नाही. त्वचेला गारवा जाणवलाच नाही तर मेंदूपर्यंत निरोप जाणार कसा? एसी १८ वर आणि वर रजई, यात शेगडी फक्त महावितरणची पेटते. तसंही १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे नवे स्टार रेटिंगवाले एसी सुरू होतात तेच २४ वर, आणि त्या प्रयोगात २४ अंश म्हणजेच 'धड थंड नाही, धड गरम नाही' असं न्यूट्रल तापमान धरलं होतं. रूममेटने दोन दिवस नुसत्या चादरीवर काढले. तिसऱ्या दिवशी रजई परत आली.

आइस बाथचं काय? बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं बसणं आणि रोज तासन्तास हलक्या गारव्यात राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचे प्रयोग दुसऱ्या प्रकारचे आहेत. अचानक गार पाण्यात शिरलं की नॉरॲड्रेनलिनचा लोंढा येतो, ब्लड प्रेशर एकदम उसळतं, श्वास अडकतो. तरतरी येते ती यामुळेच. पण ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी मित्रांच्या आग्रहाखातर त्या टबात अजिबात उतरू नये. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोळीचा शॉर्टकट

गारवा नको, गोळी द्या, असं कुणीतरी म्हणणारच. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन नावाचं औषध आहे. तेच ब्राऊन फॅटलाही जागं करतं. २०१५ साली १२ निरोगी तरुणांना त्याचा एक डोस दिला, तर विश्रांतीच्या वेळचा कॅलरी-खर्च दिवसाला सुमारे २०० नी वाढला. मात्र तो डोस २०० मिलिग्रॅमचा होता, नेहमीच्या कमाल डोसच्या चौपट, आणि हृदयाचे ठोके नि बीपीही सोबत चढले. नॉरॲड्रेनलिनचा रस्ता हा असाच आहे, एकट्या शेगडीकडे जात नाही. अलीकडे गाजणारी मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात २०२५ मध्ये आली, पण त्यांचं मुख्य काम भुकेवर चालतं. शेगडीशी त्यांची गल्लत करू नका.

पण एका गोळीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण 'मेटाबॉलिझम फास्ट करणारी पावडर' हा प्रकार जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर सर्रास फिरताना मी पाहिलाय. डायनायट्रोफेनॉल, थोडक्यात डीएनपी. पिवळी पावडर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत ही स्फोटकांसाठी वापरायचे. तिथल्या कामगारांचं वजन उतरायचं, घाम फुटायचा, ताप चढायचा, आणि काही जण दगावले. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ती लठ्ठपणावर वापरून पाहिली. वजन खरंच कमी झालं आणि बघता बघता हजारो लोक ती घ्यायला लागले. मग तरण्याताठ्या बायकांना मोतीबिंदू व्हायला लागले. काही लोक अंगातल्या उष्णतेनेच मेले. १९३८ च्या अमेरिकन कायद्यानंतर ती माणसांना देण्यावर बंदी आली.

का मरतात? क्लचचं उदाहरण आठवा. ब्राऊन फॅट फक्त ठरावीक जागी, मेंदूच्या हुकमावर क्लच दाबतं आणि काम झालं की सोडतं. डीएनपी शरीरातल्या झाडून सगळ्या पेशींचा क्लच एकदम दाबून धरते. हृदय, मेंदू, लिव्हर, सगळ्यांचा. जेवढा डोस जास्त तेवढी उष्णता जास्त, आणि ती थांबवणारा उतारा आजही डॉक्टरांकडे नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन मागवून घेतलेल्या या पावडरने गेल्या काही वर्षांत तरुण मुलंमुली गेली, तेव्हा १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे तिची नोंद थेट विष म्हणून झाली. 'फॅट बर्नर' म्हणून कुणी लेबल नसलेली पिवळी कॅप्सूल हातावर ठेवली, तर ती कितीही ओळखीच्या दादाने दिलेली असो, घेऊ नका.

बाबांचं पोट

या विषयात मी एवढी का घुसले, तर त्याचं कारण एसी नाही. माझे बाबा. आयुष्यभर सायकल, वजन कधी ६० च्या वर गेलं नाही, हातपाय काडीसारखे. शर्ट इन केला की फक्त छोटंसं गोल पोट दिसायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. सगळे नातेवाईक एकच बोलत होते, 'अरे, पण हा तर बारीक आहे!'

या कोड्यावर सगळ्यात नावाजलेलं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये दोघांचा एक साधा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिनच्या ९.१ टक्के. बाहेरून बारीक, आतून फॅट. आणि हे जन्मापासूनच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट-कंबर लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. स्टोअररूम भरलेली.

मग शेगडी? हॉलंडमध्ये २०१४ साली दक्षिण आशियाई वंशाचे १२ आणि गोरे १२ सडपातळ तरुण घेऊन तुलना झाली. आपल्या वंशाच्या मुलांमध्ये ब्राऊन फॅट सुमारे एक तृतीयांश कमी भरलं, विश्रांतीच्या वेळचा कॅलरी-खर्चही जवळजवळ तेवढाच कमी, आणि ती मुलं दोन अंश आधीच कुडकुडायला लागली. ऑफिसातल्या शाल पार्टीने हे प्रिंट काढून सॉफ्टबोर्डवर लावायला हरकत नाही. पण बारा-बारा जणांवरून सगळ्या भारताबद्दल निकाल देता येत नाही, आणि त्याच देशात आधी झालेल्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात असा ठळक फरक दिसला नव्हता. त्यामुळे बाबांच्या शुगरचा दोष मी शेगडीवर टाकणार नाही. थंडीने डायबेटिस सुधारलेल्या प्रयोगातही खरा हिरो वेगळाच निघाला होता. मास्ट्रिख्टमध्ये आठ डायबेटिक पुरुषांना दहा दिवस रोज काही तास १४-१५ अंशांत बसवलं. इन्सुलिनचा परिणाम ४३ टक्क्यांनी सुधारला, पण ब्राऊन फॅट फारसं वाढलं नव्हतं. साखर ओढून घेत होते ते स्नायू. आणि स्नायूंना कामाला लावायला बर्फ लागत नाही, जिना पुरतो.

बीएमआयच्या भरवशावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी वेगळे आकडे ठरवले. २५ नाही, २३ लाच वजन जास्त धरायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. टेप जीन्सच्या लाइनवर नाही धरायचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. घरात आई किंवा बाबांना शुगर असेल, तर तिशीची वाट न बघता एचबीएवनसी करून घ्या. मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते आणि उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे ऑफिसला जाता जाता लॅबमध्ये शिरलं तरी चालतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा फसवू शकतो, ते डॉक्टरांना आधी सांगा.

मी गेल्या आठवड्यात करून घेतली. वय २८, बीएमआय २२, कंबर ८१. एचबीएवनसी ५.६ आली. ५.७ पासून प्री-डायबेटिस धरतात.